एकेचाळीस धुतलेले शर्ट

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या बसस्थानकावर पालीच्या गाडीची वाट बघत होतो. माझी मावसबहीण, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मूत्रपिंडाचा आजार होता, त्यामुळे बातमी अनपेक्षित नव्हती... तरी गाडी आली, गेली, मी बाकावरच होतो. त्याला आज पाच आठवडे झाले.

ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि स्वतःचं काम कपड्यांतून करायची. तिची आई, म्हणजे माझी मावशी, बावीस हंगाम ऊसतोडीला गेली. उसाच्या पानांनी हात चिरतात, म्हणून आमच्याकडच्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. सुनंदा म्हणायची, "दादा, साडीत बाई दिसते, शर्टात मजूर. दोन्ही एकाच अंगावर. याहून वेगळं चित्र मी काय काढू?" दुष्काळाच्या वर्षी तिने गावातून असे एकेचाळीस शर्ट मागून आणले, जसेच्या तसे: घामाचे, चिकाचे, जळक्या पाचटाच्या काजळीचे. पुण्याच्या एका कलादालनाने ते मांडायला होकार दिला होता. तिच्या वीस वर्षांच्या कामात असा होकार पहिलाच. जिचा शर्ट तिला परत जावा म्हणून यादी मी केली, आणि पोती मावशीच्या घरी ठेवली. ती चूक माझी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो, तर दोरीवर, कुंपणावर, बाभळीवर शर्टच शर्ट वाळत होते. टँकरचं दोन ड्रम पाणी, घरातलं चार दिवसांचं, मावशीने त्यात घातलं होतं.

"आई, अगं डागच तर दाखवायचे होते!"

"परक्या माणसांम्होरं घाण कापडं मांडतीस व्हय गं? बायांनी इस्वासानं दिल्यात. चार लोक बघणार, तर धुतलेलंच बघू दे."

सुनंदा उंबऱ्यावर बसली. मी सुचवलं, चहाच्या पाण्यात बुडवू, थोडी काजळी लावू. ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "खोटा घाम नको, दादा." पुण्याला तिने झालं ते खरं कळवलं. त्यांनी नकार दिला.

मी आमच्या सहकारी दूध संस्थेचा सचिव. जनावरं चारा-छावणीत गेली होती, दूध संकलनाची खोली रिकामी होती. तिथेच आम्ही शर्ट टांगले. बाया ठिगळावरून, बटणावरून आपापला शर्ट ओळखत होत्या. "नवऱ्यापरीस शर्टच बरा दिसायलाय की गं!" एकीने म्हटलं आणि सगळ्या हसल्या. सुनंदाही हसली. पण पुण्याचं नंतर कधीच जुळलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. मायलेकींत त्यावर पुन्हा शब्द झाला नाही. आपल्या हातून काय झालं, हे मावशीला कळलं होतं का, मला ठाऊक नाही.

परवा मावशीकडे गेलो. सत्तरीची बाई अंगणात चुलीसाठी तुराट्या मोडत होती. साडीवर सुनंदाचा रंगकामाचा शर्ट, छातीभर निळे नि गेरूचे डाग.

"मावशी, ह्यो धुतला न्हाईस?"

"तीनदा धुतला," ती म्हणाली. बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. "निघंना."