नवशिक्यांची काळी वाट

जर्मनीतल्या हार्त्सच्या डोंगरात आता सावली उरलेली नाही. साल पोखरणाऱ्या किड्याने स्प्रूसची झाडं उभ्याउभ्या मारली. वरच्या पठारावर नजर जाईल तिथवर करडे, निष्पर्ण खांब. उन्हाळ्यात वाळवंटच. चाकाखाली ग्रॅनाइटचा भुगा, तोंडात धूळ. जंगल सरकारी, फाटक नाही, तिकीट नाही, कोणीही यावं. मी मात्र एका माणसाला तिथून हाकललं, तेही हात न लावता.

वोल्फ्सबुर्गला नोकरी लागल्यावर आम्ही चौघे मराठी इंजिनिअर रविवारी गाडीवर सायकली लादून तिथे जायचो. लाकूड ओढून नेण्याच्या जुन्या वाटा हुडकायच्या, चुकायचं, परत फिरायचं. आठवडाभर मीटिंगांमध्ये ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, करून जीव आंबलेला असायचा. तिथे कोणाला उत्तर द्यायचं नसायचं. बायको घरी. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तिला भाषा येत नाही. एकदा ती म्हणाली, “अहो, मी पण येऊ का? नागपूरला कॉलेजात मी सायकलनेच जायचे.”

नाही म्हणायला कारण नव्हतं. म्हणून हो म्हणालो आणि तिला भाड्याची सायकल घेऊन दिली.

तिथे सायकलींसाठी आखलेल्या वाटांना रंगीत पाट्या आहेत. निळी सोपी, लाल मधली, काळीवर सरावलेल्यांनीच जावं. दोन वाटा फुटतात तिथे तिने काळ्या पाटीकडे बोट दाखवलं. “ही कसली?”

“नवशिक्यांची,” मी म्हणालो.

मागे मित्रांपैकी एकजण खोकला. मग तिघेही हेल्मेटचे पट्टे आवळायला लागले.

ती पडावी असं माझ्या मनात नव्हतं. घाबरावी, पुन्हा विचारू नये, एवढंच. मला ती तिथे नको होती. पहिल्याच दगडी उतारावर ती पडली. दोन्ही तळहात सोलवटले. उरलेला उतार सायकल हातात धरून चालत आली. आम्ही खाली सफरचंदं खात उभे. “या, या मॅडम! पदयात्रा कशी झाली?” मी ओरडलो. सगळे हसले. तीही हसली.

एवढ्यावर थांबलं असतं तर तो एक वाईट रविवार होता. मी त्याचा किस्सा केला. दरवर्षी जयंतीला आम्ही हॉल घेतो, वंदना होते, सगळे मिळून पंचशील म्हणतो. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तेही मी खणखणीत आवाजात म्हणायचो. मग जेवताना नव्याने आलेल्यांना सांगायचो, “आमच्या हिला नवशिक्यांची वाटसुद्धा झेपली नाही.” ते तिघे मित्र ताटात बघून हसायचे. पुढे पुढे माझ्याआधी तीच सांगू लागली, “मला तोलच नाही हो.” गाडी शिकायचं निघालं तेव्हाही तिने हेच कारण दिलं, आणि मी समजूतदारपणे मान डोलावली. या गावात गाडी न येणाऱ्या माणसाचं आयुष्य बसच्या वेळापत्रकावर चालतं. तिचं तसंच चाललं.

यंदा आमची इथेच वाढलेली मुलगी सायकलींच्या क्लबात जायला लागली. तिला मराठी कळतं, उत्तरं जर्मनमध्ये देते. तिने आईला चल म्हटलं, तर आईचं ठरलेलं: “नको गं बाई. मी नवशिक्यांच्या काळ्या वाटेवर पडलेली.”

“श्वार्त्स?” मुलगी थबकली. काळी तर सगळ्यात अवघड असते, म्हणाली. मग माझ्याकडे बघून तिनेच मला सोडवायला घेतलं: बाबांना तेव्हा माहीत नसेल.

हो, चुकलं असेल माझं, असं म्हटलं असतं तर सुटलो असतो. शब्द जिभेवर होते.

“माहीत होतं,” मी म्हणालो.

बायको भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. “त्या तिघांना?”

“त्यांनाही.”

“म्हणजे हॉलमध्ये इतकी वर्षं मला एकटीलाच माहीत नव्हतं.”

मी माफी मागितली. ती “बरं” म्हणाली आणि भाजी धुवायला उठली.

आता ती हसत नाही असं नाही. कोणी काही गमतीचं बोललं तर हसते. फक्त त्याआधी एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघून घेते.