मागल्या दारची सडक

नीराबाईच्या सासरच्या घराचं तोंड बाजाराच्या गल्लीकडे होतं आणि पाठ रानाकडे. आंबेतळीतली सगळी घरं अशीच ओळीने बांधलेली. पुढे ओटी, पानाचा डबा आणि पुरुषमाणसं. मागे न्हाणी, राखेचा ढीग, उखळ, विहीर आणि बायका. यात काही चुकतंय असं कोणाला कधी वाटलं नव्हतं. मग धरमतरहून महाडकडे जाणारी सडक सुधारायला सरकारने माणसं धाडली, आणि त्यांनी गल्लीतली जुनी गाडीवाट सोडून नवी सडक नेली ती बरोबर या परसांच्या कडेने.

पहिली सर्व्हिस मोटार गेली तेव्हा नीराबाई भांडी घासत बसली होती. लुगडं खोचलेलं, हात कोपरापर्यंत राखेत. मोटारीतल्या सगळ्यांनी तिला पाहिलं, आणि तिनेही त्यांना पाहिलं. एक बाई मांडीवर पिंजरा घेऊन बसली होती. पिंजऱ्यात पोपट होता. ही बाई पोपट घेऊन कुठे चालली असेल, माहेरी की सासरी, आणि पोपटाला मोटार लागत असेल का, हे नीराबाईच्या डोक्यातून पुढे कितीतरी दिवस गेलं नाही. दोनदा भात करपला.

तिची सासू काशी भारी कडक. तिने लगेच परसाला नारळाच्या झापांचा आडोसा करून घेतला. "सडकेवरनं लोकांनी आमची मोरी बघायची काय?" नीराबाईने होय म्हटलं आणि भांडी घासायच्या जागेसमोर दोन झापं जराशी विरळ ठेवली.

गावाच्या अलीकडे एक उभा चढ होता. तो चढून येईस्तोवर मोटारीचं पाणी उकळायचं, आणि नेमकी नीराबाईच्या विहिरीशी आली की ती फुसफुसत उभी राहायची. एक दिवस मोटारवाला हुसेनमियां रिकामा डबा घेऊन आडोशाशी आला.

"मावशी, डबाभर पाणी द्या. इंजिनाला तहान लागलीय."

काशीने त्याची टोपी पाहिली, दाढी पाहिली आणि विहिरीच्या वाटेतच उभी राहिली. "इंजिनाची जात काय?"

हुसेनमियां महाडचा. आई, दोन आत्या आणि चार बहिणींच्या घरात वाढलेला. त्याने हसू दाबलं. "विलायती हाय. पर खातपीत कायच न्हाय हो. नुसतं पाणी पितं."

काशीने विचार केला. "म्हंजे बैलागत."

"बैलागतच."

"मग दे गो नीरे त्याला. मुक्या जनावराला न्हाय म्हनू नये."

तेव्हापासून मोटार रोज थांबू लागली. थांबली की माणसं उतरायची. उतरली की त्यांना काहीतरी हवं असायचं. नीराबाईने आधी ताक ठेवलं, मग गुळाचा चहा. तिची जाऊ रतन कांदाभजी तळू लागली. आडोसा एका कडेने दुमडला गेला, मग पुरता निघाला. कोणी काढला हे दोघी जावांपैकी एकीनेही सांगितलं नाही. काशी दिवसभर कुरकुरायची आणि मोटारीच्या वेळेला बरोबर उंबऱ्यावर येऊन बसायची. कोण माणगावचं, कोण पनवेलचं, कोणाचा मुलगा मुंबईत गिरणीत लागला, कोणाची सून नांदत नाही, सगळं तिला कळायला हवं असायचं.

नीराबाईचं मात्र एवढ्यावर भागेना. गिऱ्हाइकाला चहा द्यायचा तर चुलीपासून अरुंद मागलं दार ओलांडून, न्हाणीला वळसा घालून यावं लागे. तिला स्वैपाकघराची मागची बाजूच मोकळी हवी होती. तिचा नवरा बाबाजी बैलगाडीने मांदाडच्या बंदरात भात पोचवायचा. त्याला मोटारीचं नावही खपत नसे.

"घराला पाठ नको काय गो?" तो म्हणाला. "माणसानं टेकायचं कुठं?"

"टेकायला वेळ कुनाला हाय?"

तो गाडी घेऊन बंदरावर गेला आणि इकडे दोघी जावांनी कोयते घेतले. भिंत कसली, कारवीच्या काठ्यांचा कूड तो, वर शेणमातीचा लेप. दुपारपर्यंत मागची बाजू मोकळी झाली. चुलीशी बसलं की थेट सडक दिसू लागली. बाबाजी परतला, त्या भगदाडाकडे बघत राहिला आणि पुढच्या ओटीवर जाऊन सडकेकडे पाठ करून जेवला. पुढे महिनाभर त्याने बायकोशी बोलायचं ते आईच्या मार्फत.

पण नीराबाईने कूड तोडला आणि शेजाऱ्यांचे हात शिवशिवू लागले. गुणाजी वाण्याने तराजू मागच्या पडवीत टांगला. न्हाव्याने आरसा फिरवला. दोन वर्षं जायच्या आत सगळं गाव कूस बदलल्यासारखं उलटं झालं. ज्या गल्लीत सणासुदीला पाय ठेवायला जागा नसायची तिथे आता शेळ्या चरू लागल्या, आणि न्हाण्या, राखेचे ढीग ओट्यांसमोर आले. नव्या नवऱ्या आधी गोंधळायच्या. माप ओलांडायचं कुठल्या दाराने?

मग सडकेवाली माणसं पुन्हा आली. सुरुंग लावले, दगड फोडले, आणि गावाअलीकडचा तो चढ कापून काढला. लोकांनी कौतुक केलं. नीराबाईने तर मुकादमाला फुकट चहा पाजला.

चढ संपला आणि इंजिनाचं पाणी उकळायचं थांबलं. मोटार नीराबाईच्या विहिरीसमोरून सरळ निघून गेली. हुसेनमियांने भोंगा तेवढा वाजवला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. केलेला चहा घरच्यांनीच प्यायचा आणि उरलेली भजी गुणाजीकडे पाठवायची. रतन म्हणाली, "जाऊ दे, कूड परत घालू." बाबाजीने तर तिसऱ्याच संध्याकाळी कारवीची मोळी आणून उघड्या बाजूला टेकवून ठेवली.

ती मोळी बघून नीराबाईला पुढचे दिवस दिसले. परत आडोसा, परत फटीतून बघणं. घरात ती एका जागी बसेना. काशी तर तिच्याहून बिथरली होती. मोटारीच्या वेळेला उंबऱ्यावर यायची, धूळ खायची आणि आत जाऊन मांजरावर ओरडायची.

चौथ्या दिवशी नीराबाई सडकेच्या मधोमध उभी राहिली. हुसेनमियांने करकचून मोटार थांबवली.

"भाभी, मरायचं हाय काय? पानी नको आज."

"पानी देतंय कोन? मला बसायचंय."

"कुठं जायचं?"

"तू थांबशील तिथं."

आयुष्यात पहिल्यांदा ती मोटारीत बसली आणि आपल्या घराचं ते उघडं पोट तिने सडकेवरून पाहिलं. मोटार थांबली ती तळे गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर. तिथे तळ्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, सुपारीची पोती होती, लेकुरवाळ्या बाया उन्हात ताटकळत होत्या. करंजाचं एक झाड, आणि घोटभर चहा कुठे नाही. जागेचा मालक तिच्या माहेरचा, तळ्याचाच निघाला. त्याच्याशी बोलूनच ती चालत घरी आली.

"फाट्यावर झोपडी टाकायची," तिने नवऱ्याला सरळ सांगितलं. या वेळी सासूला मध्ये घातलंच नाही.

"आन ह्या घराचं?"

"घर कुठं पळतंय?"

"घर न्हाय, तूच पळतीस," बाबाजी म्हणाला. "मी येनार न्हाय. आन म्हातारीला कोन बघनार?"

काशी आतून बाहेर आली. तिच्या काखेत गोधडीची वळकटी होती. "म्हातारी तिच्यासंगं चाललीय. हितं बसून मी काय शेळ्यांना इचारू, तुमची सून नांदते का म्हनून?"

बाबाजीने आईकडे पाहिलं, मग बायकोकडे. दोघींनी आधीच ठरवलं होतं हे त्याला उशिरा कळलं. दुसऱ्या सकाळी त्याने भात उतरवून गाडीत टोप, घागरी, चार बांबू आणि आपली आई घातली. "पोचवतो आन येतो," तो म्हणाला.

फाट्यावर झोपडी उभी राहायच्या आधीच मोटार आली. महाडकडून धरमतरला निघालेली, गच्च भरलेली. नीराबाईने तीन दगडांवर आधण ठेवलं होतं. गर्दी अशी झाली की बाबाजीच्या हातात कोणी कधी पेले दिले त्यालाही कळलं नाही.

"ओ चहावाले, इकडं द्या एक!" मोटारीतून एक जण ओरडला.

बाबाजी वळला. मी चहावाला नाही, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण माणूस हात पुढे करून बसला होता. बाबाजीने पेला दिला.

नीराबाईचं लक्ष तिकडे नव्हतं. ती चूल सोडून हुसेनमियांजवळ गेली होती.

"हितनं पुढं कुठं थांबतोस?"

"कोलाड. नागोठणं. मग वडखळ, धरमतर."

"आन धरमतरच्या पुढं?"

"पुढं खाडी. तिथनं बोटीनं मुंबई."

नीराबाई बोटांवर थांबे मोजू लागली. करंजाखाली बसलेल्या काशीने शेजारच्या बाईची चौकशी अर्ध्यावर सोडली आणि मान वर केली.

"हिला कायपन सांगू नको रे मियां! तिकडं जाऊनबी चूल मांडील ही. मला या वयात बोट लागेल."

मोटार निघाली. बाबाजी रिकामे पेले गोळा करत होता आणि चहाला उकळी येऊन तो उतू जात होता. नीराबाई सडकेच्या कडेला उभी राहून मोटार गेली त्या दिशेला बघत होती.