मावशीच्या हातचा धारोष्ण पेला

शिरूर अनंतपाळकडच्या आमच्या गावात कुणाची म्हैस व्याली आणि वार पोटातच अडकली की सरजामावशीला हाक जायची. कोपरापर्यंत गोडेतेल चोळून ती उघड्या हाताने वार अलगद काढायची. हातमोज्यांचे नाव कुणी काढले असते, तर तिने त्यालाच आधी गोठ्याबाहेर काढले असते.

हिवाळ्यात तिचीच म्हैस गाभडली, दिवस भरायच्या आतच मेलेले रेडकू पडले. वार तिनेच काढली. पुढे मावशीला तापाने धरले. सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा, कंबर नुसती मोडून यायची. लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले, रोग म्हशीकडून आलाय म्हणाल्या, सहा आठवड्यांच्या गोळ्या दिल्या आणि दूध उकळूनच प्या म्हणून बजावले. ताप गेल्यावर मावशीने उरलेल्या गोळ्या कोनाड्यात टाकल्या. दूध उकळायचे ते पिशवीवाल्या शहरातल्यांनी, असे तिचे ठाम मत. मी एकदा बोलून पाहिले आणि शिव्या खाऊन परत आलो.

त्यातच तिची लेक बुद्धप्रिया बाळंतपणाला आली. सातवा महिना होता. मावशी रोज सकाळी धार काढून फेसाळता पेला तिच्या हातात द्यायची. "धारोष्ण पी, माय. लेकरू कसं दणकट होतंय बघ," म्हणायची आणि परत गोठ्यात वळायची.

थोड्याच दिवसांत ताप उलटला. मावशी हुडहुडू लागली. दोघींना गाडीत घालून मी लातूर गाठले.

डॉक्टरीणबाई चिडल्याच. "ताप गेला म्हणजे जंतू गेले नव्हते, मावशी. रक्तात जंतूंना गिळून मारणाऱ्या पेशी असतात. हे जंतू गिळले तरी मरत नाहीत, त्यांच्याच पोटात बिऱ्हाड थाटतात. चोराने पोलिसाच्या घरात राहावं, तसं. म्हणून गोळ्या पूर्ण घ्यायच्या होत्या." मग त्यांची नजर बुद्धप्रियाच्या पोटाकडे गेली. "ही कच्चं दूध पीत नाही ना? हा रोग हिला झाला तर मूल दगावू शकतं."

मावशीचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्याच पाजलं, बाई. माझ्या हातानं इख पाजलं."

बुद्धप्रियाने मान खाली घातली. "आई, दोनच दिस पिले. मग मळमळाय लागलं. तू गोठ्यात वळलीस की मोरीत वतायचे. तुला वाईट वाटंल म्हणून बोलले न्हाई."

थेंबभर दूध सांडले तरी गल्ली डोक्यावर घेणारी ही बाई. तिने लेकीचे हात घट्ट धरले. "लई बरं केलंस, माय. लई बरं केलंस."

पण दोन दिवस प्यायलीच होती. बुद्धप्रियाचे रक्त घेतले. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येईपर्यंत मावशीने अन्नाला हात लावला नाही. मला तिचा रागही येत होता आणि तिच्याकडे बघवतही नव्हते.

रिपोर्टात काही निघाले नाही. पुन्हा एकदा तपासू, आणि म्हशीचेही रक्त तपासून घ्या, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मावशी तिथेच खुर्चीत बसून रडली.

आता दूध उतू येईपर्यंत ती चुलीपुढून हलत नाही. गोळीच्या वेळी बुद्धप्रिया पोट सावरत समोर उभी राहते. "गिळलीस का?" विचारते. आयुष्यात कुणाचे न ऐकलेली मावशी निमूट आ करून तोंड दाखवते.