वाघमारे सरांची दुसरी बंदूक

वाघमारे सर व्हिडिओ गेमच्या दुकानात पहिल्यांदा शिरले ते पोरांचे कान धरायला. लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कलेक्टर कचेरी आली, तिच्या पाठोपाठ बसस्टँडसमोर गेमचं मशीन आलं. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. दुष्काळात नळ कोरडे, आणि आमच्या शाळेचे मागचे बाक रिकामे. पळालेल्यांना धरून आणायला मुख्याध्यापकांनी गणिताच्या वाघमारे सरांना धाडलं, आणि साक्षीला मला, मराठीच्या मास्तरला.

आम्हाला बघताच पोरं मागच्या दारानं पसार झाली. मशीनवर त्यांचा खेळ चालूच होता. जंगलात दोन शिपाई नुसते उभे, समोरून शत्रू येतायत. सर वाकून बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, "सर, ही माणसं फुकट मरून राहिलीत. तुम्ही ती दुसरी बंदूक धरा."

मी धरली.

त्यानंतर शनिवारी शाळा सुटली की आम्ही 'तपासणीला' जायचो. वाघमारे सर म्हणजे चाकूरकडच्या मजुराचा मुलगा. लहानपणी शाळा आणि खुरपणी यांतून त्यांना गोट्या खेळायलाही सवड मिळाली नव्हती. वर्गात ते असे तिखट, की फळ्याकडे वळले तरी पोरं हलत नसत. पण मशीनपुढं माझा शिपाई पडला की ते माझीच माफी मागत. खेळाची गोडी, त्यांच्या मते, एवढीच होती: एकटाच पुढं पळाला तर पडदा सरकत नाही, सोबत्यासाठी थांबावंच लागतं. आपल्या स्टाफरूममध्ये असं एक मशीन बसवायला पाहिजे, असं ते गंभीरपणे म्हणायचे.

हळूहळू मात्र त्यांचा चेहरा उतरत गेला. शत्रू दर खेपेला त्याच झाडामागून निघतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आता ते माझ्याशी गप्पा मारत, पडद्याकडे न बघताही जिंकत. एका शनिवारी जिंकता जिंकता त्यांनी बंदुकीच्या बटणावरचा हात काढला.

"ह्याला नेम धरावा लागत न्हाई, सर. नुसतं पाठांतर हाय. आपण वर्गात तेच करून राहिलो."

दहावीच्या सराव परीक्षेत त्यांनी गाइडबाहेरची गणितं घातली. अख्खा वर्ग नापास. पालक आले, संस्थेचे सचिव आले. नव्या जिल्ह्याची अब्रू, बोर्डाच्या यादीत येऊ घातलेली नावं, असं मोठं भाषण झालं. कुणीतरी गेमच्या दुकानाचाही विषय काढला. सरांनी नाकारलं नाही. पुढच्या पातळ्या फारच सोप्या आहेत, एवढीच त्यांची तक्रार होती. माझं नाव मात्र त्यांनी अखेरपर्यंत घेतलं नाही. संस्थेनं त्यांना उमरीच्या शाखेत पाठवलं.

गाइड परत आलं. निकाल झकास लागला. सचिवांच्या हस्ते पेढे वाटले गेले, आणि भाषणात त्यांनी संस्थेच्या परंपरेचे आभार मानले. त्या गर्दीतून सुनीता माझ्याकडे आली. तीही त्या वर्गातलीच, चांगल्या मार्कांनी पास झालेली. सरांच्या पेपरातलं शेवटचं गणित तिला आता कुठं सुटलं होतं. बोर्डात ते आलंच नव्हतं. त्याला कुणी मार्क देणार नव्हतं.

मी तिच्यापुढं पेढा धरला. तिचं लक्ष नव्हतं.

"सर, उमरीची बस कुठून लागते?"