आमच्या रस्त्यावरून गेलेली हद्द

आमच्या पेठेत सगळ्या तऱ्हेची माणसं. गारगोटीकडून आलेले मास्तर, म्हणजे माझे वडील. शाहूवाडीहून पोटासाठी उतरलेली कुटुंबं, चपला शिवणारी घरं, तालमीतली पोरं, आणि रस्त्यापलीकडं घरात कानडी बोलणारे लिंगायत व्यापारी. नव्वदच्या दशकात खासदारकीला ही सगळी एकाच शाळेत रांग लावायची. वडील आणि समोरचे गुळाचे व्यापारी अप्पा सकाळी जोडीनं निघत. मत कुणाला दिलं, हे त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नाही.

पुढं मतदारसंघांची फेररचना झाली. शहराला एक आमदार होता, तिथं उत्तर आणि दक्षिण असे दोन झाले. खासदार एकच राहिला. पण हद्द नेमकी आमच्या रस्त्याच्या मधून गेली; आमची बाजू उत्तरेत, अप्पांची दक्षिणेत. पेपरात वाचून आम्ही हसलो.

लोकसभेला मीही दोघांबरोबर त्याच शाळेत गेले. अप्पांनी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं. दारातला कर्मचारी बाहेरगावचा, तरुण. तो म्हणाला, “पावणं, तुमचं नाव इथं न्हाय. याद्या आता आमदारकीच्या हद्दीपरमाणं झाल्यात. पलीकडच्या केंद्रावर जावा.”

अप्पा जागच्या जागी थिजले. मग ओरडले, “पावणं कुणाला म्हंतोस? ह्याच शाळंत शिकलोय की मी!”

रांगेतून तालमीतला एकजण हसत म्हणाला, “अप्पा, आता तुमी दक्षिणंचं. आमच्यातलं न्हाय.”

थट्टाच होती ती. पण अप्पांच्या तोंडावरचा रंग उडाला. वडील रांग सोडून त्यांच्याबरोबर निघाले, मीही मागोमाग.

त्या केंद्रावर नव्या कॉलन्यांतली माणसं होती. एकही ओळखीचा चेहरा नाही. अप्पा फाटकापाशी थांबले.

“मास्तर, आज न्हाय जमायचं,” म्हणाले आणि मत न देताच वळले.

मला ते खरंच वाटेना. आजारपणातही रिक्षानं मतदानाला गेलेला माणूस! वडिलांनी परत येऊन मत दिलं.

काही महिन्यांनी विधानसभा आली. वडील आवरून अप्पांच्या हाकेची वाट बघत गॅलरीत बसले होते. समोरून अप्पा सुनेबरोबर बाहेर पडले, दक्षिणेच्या केंद्राकडं चालू लागले. वर बघितलं नाही, हाकही मारली नाही.