रमीलाची वार

हे आजवर कुणालाच सांगितलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हालाच का सांगतेय? कुणास ठाऊक.

शिरपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याला एका सरकारी दवाखान्यात मी बाळंतपणाच्या वॉर्डची सिस्टर. रमीला माझ्या हाताखालची सिस्टर, पावरा या आदिवासी समाजाची. आदिवासी पेशंटशी कसं वागावं याचं एकदा प्रशिक्षण झालं. त्यात ही उठून म्हणाली, इथे बायांना 'ए जंगली' म्हणून हाक मारतात. नाव नाही घेतलं तिने — पण सगळ्यांनी वळून माझ्याकडेच पाहिलं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हटलं, थांब बाई, दाखवतेच तुला.

महिनाभरात तिच्याच पाड्यावरची बाई आली, पहिलटकरीण. त्यांच्यात बाळामागून पडणारी वार घराजवळ पुरतात — मग पोर त्या मातीचं होतं. रमीलाने मोठ्या डॉक्टरांच्या मागे लागून परवानगी काढली होती: घरच्यांनी अर्ज दिला, की वार त्यांच्या हातात द्यायची. म्हणून तर पाड्यावरच्या बाया दवाखान्याची पायरी चढायला लागल्या होत्या. मुलगा झाला. रमीला वार डब्यात झाकून जेवायला गेली. अर्ज माझ्या टेबलावर. वाचला — नीट वाचला. आणि वार कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. कचरा नेणारी गाडी दारातच उभी होती.

चुकून झालं म्हणू? कसलं चुकून!

बाईची सासू डबा न्यायला आली. मी तिच्या डोळ्यांत बघून अहिराणीत सांगितलं, "तुमनी रमीलानीच टाकी दिनी, आजी."

म्हातारी भांडली नाही. रमीला आली तेव्हा तिच्याकडे पाठ करून बसली, बस. रमीला शपथा घेत राहिली. आणि मला — खोटं कशाला बोलू? — फार बरं वाटलं. दुपारी दोन घास जास्तच गेले.

त्या पाड्यावरून मग बाळंतपणाला कुणी येईना. रमीलाने बदली मागून घेतली. दोन वर्षांनी तीच बाई आली, झोळीत घालून आणलेली. दुसरी खेप, घरीच अडलेली. ती माझ्या हातांतच दगावली. सासू बाहेर बसली होती. तेव्हा तरी तोंड उघडलं का मी? नाही.

आता ते प्रशिक्षण मीच घेते. नव्या पोरींना वारेचं महत्त्व समजावते, एका सिस्टरच्या हलगर्जीपणामुळे बाई कशी गेली ते सांगते. पोरी वहीत उतरवून घेतात. कोण सिस्टर, असं एखादी विचारतेच.

रमीलाने माझं नाव घेतलं नव्हतं. मी तिचं घेते.