पिवळं ते भलं

माझी सासू म्हाळसा. मी तिला आत्या म्हणते. शेळगावात मेंढरांमागं वाढली, लग्न होऊन काटेवाडीला आली आणि एकवीस वर्षं तिनं एमआयडीसीतल्या एका डेअरीत दुधाचे कॅन धुतले. कॅन कॉस्टिक सोड्यानं धुवायचे, सोडा राहिला तर दूध बाद. आत्या कमरेच्या पिशवीतला बिरोबाचा भंडारा चिमूटभर विसळलेल्या पाण्यात टाकायची. हळदच ती. सोड्यानं लाल झाली की परत विसळ, पिवळी राहिली की म्हणायची, "पिवळं ते भलं!" डेअरीतले साहेबसुद्धा तिच्या चिमटीचं ऐकायचे, मग घरात माझं कोण ऐकतंय!

त्या दुपारी माझ्या सासऱ्यांना, जोतीराममामांना, ताप होता. मी परसातलं धुणं उरकून आत आले, तर आत्यानं गोळीसाठी पेला भरलेला, वर सवयीनं भंडारा टाकलेला. शेजारी निळ्या झाकणाची बाटली.

त्या बाटलीत पाणी नव्हतं. सकाळी सायकलवरून विकत फिरणाऱ्याकडून संडास धुवायचं ॲसिड घेतलं, ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरलं आणि गडबडीत माठाशेजारी ठेवलं. मीच, अगं बाई, मीच!

"आत्या, ते ॲसिड हाय! देऊ नका!"

"खुळी का काय? पिवळं हाय बघ. वंगाळ असतं तर लाल झालं असतं."

सोड्याच्या वाफेनं तिचं नाक कधीच गेलेलं, वास यायचा कुठनं? मामांनी पेला हातात घेतलासुद्धा.

मी झडप घालून पेला हिसकावला. चार थेंब शहाबादी फरशीवर सांडले आणि फसफसले. मामा घाबरून भिंतीकडं सरकले.

आत्याला तरी पटेना. माझ्या पदरावरचा हळदीचा डाग धुण्याच्या साबणानं लालभडक झालेला. मी पेल्यातला एक थेंब त्यावर सोडला. लाल डाग परत पिवळा झाला.

"म्हंजी ॲसिडातबी पिवळंच ऱ्हातंय?"

"व्हय, आत्या."

ती मटकन खाली बसली. मामांचा हात धरून हमसून हमसून रडली. बाटली तिथं मीच ठेवलेली, मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता ॲसिड आमच्या घरात येत नाही. तरी मामांना पाणी देताना आत्या आधी फरशीवर एक थेंब टाकते आणि फसफसतोय का बघत राहते. तोवर मीही श्वास रोखून दारात उभी असते.